कपाळाच्या कातडीचें नाक

विद्वत्तेसाठीं गाजलेल्या आमच्या पुण्याची कीर्ति एकदां विटा पाडणाऱ्या जातींतील एका कारागिरानें विलायतेपर्यंत नेली. इंग्रजी फौजेंत बैल हांकणाऱ्या कावसजीचें नाक व एक हात १७९२ च्या युद्धांत टिपू सुलतानानें तोडविले होते. वर्षाहून अधिक काळानंतर पुण्याजवळ या कारागिरानें त्यास नवें नाक बसविलें. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापली गेली. गालाच्या कातडीनें नाक करण्याचा विधि सुश्रुतसंहितेंत आहे; येथें मात्र तसें कर्म करून दाखविलें तें पोथी बाळगणाऱ्यानें नव्हे!

कृति अशी: मेणाच्या पातळ पत्र्यानें माप घेऊन कपाळावरची तेवढी कातडी सोडवावयाची, परंतु भुवयांमधली अरुंद पट्टी अखंड ठेवावयाची. मग ती कातडी वळवून नाकाच्या जागीं बसवावयाची व कात लावलेल्या चिंध्यांनीं सांधा धरावयाचा. ती पट्टी कापावयाची सुमारें २५ व्या दिवशीं.

इतका धीर कशासाठीं? फळास देंठ, तशी त्या कातडीस ही पट्टी. तिच्यांतून रक्त मिळत असतांनाच नाकाच्या कडांकडून नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कातडींत शिरतात. मग देंठाची गरज उरत नाहीं.

या वाहिन्यांस बोलावतें कोण? प्राणवायूस मुकलेल्या पेशीच. ही उणीव पेशींस कशी कळते, याच्या उलगड्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा पेशी एक प्रथिन सोडतात आणि जवळची रक्तवाहिनी त्या दिशेस कोंब फोडते. उलट, बुबुळावरील काचेसारखें पटल तेंच प्रथिन अडकवून ठेवतें. म्हणून तें रक्तहीन व स्वच्छ राहतें. कर्करोगाची गांठ मात्र तीच हांक स्वतःच्या पोषणासाठीं मारते.

भरत्या जखमेच्या तळाशीं दिसणारे लाल दाणे म्हणजे याच नव्या वाहिन्यांचें पीक. मधुमेहांत तें नीट येत नाहीं, आणि बधिर झालेल्या पायास वेदनाही कळत नाहीं. तंबाखूच्या धुरानें वाहिन्या आंखडतात तें निराळेंच. म्हणून घरांतील मधुमेही वडील माणसांचे तळपाय रोज पाहावे. जखम फिकी किंवा काळी दिसली, अथवा भरेनाशी झाली, तर हळदीवर न विसंबतां डॉक्टरांस दाखवावी. त्या कारागिराचा धीर शोभला, कारण त्यानें रक्ताची वाट राखली होती. जेथें ती वाट बंद होत आहे, तेथें धीर धरणें हा निव्वळ आळस होय.