साजगावच्या शेतातला बॉम्ब

शनिवारी साजगावला गेलो होतो. (एक्सप्रेसवेवर नेहमीचा खोळंबा. असो, त्यावर वेगळी पोस्ट.) गप्पांमध्ये मे 2025 चा विषय निघाला. तेव्हाचं ते मॉक ड्रिल, भोंगे, व्हॉट्सअॅपवरच्या अफवा. ओटीवर बसलेल्या काकांनी मध्येच विचारलं, "समजा माझ्या शेतात बॉम्ब पडला आणि फुटलाच नाही, तर तू कुणाला फोन करशील?"

मी म्हटलं, "112."

"बरं. आणि ते कधी येतील?"

काका नेमकं बोलले. बॉम्ब निकामी करणं म्हटलं की आपल्या डोक्यात सिनेमा चालू होतो. घामाघूम हिरो, लाल वायर की निळी वायर. पण युद्धात खरी पंचाईत त्याच्या बरीच आधी सुरू होते. बॉम्ब शेकडो असतात आणि पथकं मोजकी.

1940 मध्ये लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते, तेव्हा ब्रिटिशांपुढे हाच प्रश्न होता. काही बॉम्बमध्ये घड्याळ असायचं, ते 72 तासांपर्यंत उशिरा फुटू शकायचं. म्हणजे बॉम्ब पडून राहिला तरी रस्ता, रेल्वे, कारखाना सगळं बंद. त्यांनी काय केलं, तर न फुटलेल्या प्रत्येक बॉम्बला श्रेणी दिली. अ म्हणजे लगेच, काहीही करून. ड म्हणजे सवडीने. कामंही वाटून दिली: जमिनीवरचे बहुतेक बॉम्ब लष्कराच्या इंजिनिअरांकडे, पॅराशूटने टाकलेले सुरुंग नौदलाकडे, विमानतळांवरचे हवाई दलाकडे. आम्ही आयटीवाले बगला पी-वन, पी-फोर लावतो ना, अगदी तसंच. फरक इतकाच, की इथे पी-फोरच्या शेजारी कुणाचं तरी घर असतं.

आता हे साजगावला लावून बघा. खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र आहे, 1915 पासूनचं. त्याच्या पाइपांजवळ बॉम्ब पडला तर डोळे मिटून अ. काकांच्या भातशेतात पडला तर ड. आणि बोंबल्या विठोबाच्या देवळाजवळ? एरवी क म्हणा हवं तर, पण कार्तिकीच्या जत्रेत तोच बॉम्ब थेट अ. श्रेणी बॉम्बची नसतीच, ती जागेची आणि वेळेची असते. म्हणून माझं मत असं, की ती एकट्या लष्कराने ठरवू नये. बॉम्ब किती घातक आहे ते लष्कराने सांगावं. त्याच्यामुळे काय काय अडलंय ते तहसीलदाराने सांगावं. आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे आधीच कागदावर असावं.

हे शेवटचं नसलं की काय होतं, ते मुंबईने पाहिलंय. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकिन जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटकं आणि कापसाच्या गाठी. दुपारी आग दिसली, पहिला स्फोट चारनंतर झाला. म्हणजे दोन तास हातात होते! लष्कराच्या ऑर्डनन्सचा अधिकारी येऊन सांगत होता, जहाज बुडवा. दुसरं मत, समुद्रात ओढून न्या. तिसरं, पाणी मारत राहा. जाणकार सगळे हजर होते, पण एकाचाही हुकूम सगळ्यांवर चालत नव्हता. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, इतर माणसं शेकड्यांनी.

याच्या उलट एप्रिल 1948 मधला नौशेरा-राजौरी रस्ता. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे (आपल्या कारवारकडचे) गोळीबारात पुढे राहून सुरुंग काढत होते, अडथळे उडवत होते आणि मागून रणगाडे येत होते. त्यांना परमवीर चक्र मिळालं ते धैर्यासाठी, आणि ते योग्यच. पण आधी सॅपर, मग रणगाडा, हा क्रम तिथे सगळ्यांना मान्य होता, हेही लक्षात घ्या. शूर माणसाला शूरपणे काम करता आलं, त्यात याचाही वाटा होता.

त्याच राजौरी-पूंछ पट्ट्यात मे 2025 मध्ये पुन्हा गोळे पडले. न फुटलेले शेतात, घरांच्या आसपास राहिले आणि लष्कराची पथकं गावोगाव फिरून ते नष्ट करत होती. आपण शहरात बसून शस्त्रसंधीची बातमी वाचली आणि चॅनल बदललं. तिथल्या शेतकऱ्याचं युद्ध मात्र त्याचा नंबर लागेपर्यंत संपलं नाही. नंबर उशिरा लागणार हे मला मान्य आहे, पथकं कमीच असणार. पण नंबर कितवा, हे त्याला न सांगणं मला मान्य नाही.

हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. वीजकेंद्र अ, तुमचं शेत ड, वगैरे. वाटलं चिडतील. ते जरा थांबले आणि म्हणाले, "चालेल रे. पण ड म्हणजे लावणीच्या आधी का नंतर?"