ब्रिटनमधील परिचारिका : अनुदान मिळते, बढतीचे काय?

ब्रिटनमधील वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी मुलगी, सून किंवा भाची हे गोव्यातील अनेक घरांना आता परके चित्र राहिलेले नाही. पोर्तुगीज पासपोर्टाच्या आधारे स्विंडन, साउथॉल, लेस्टर येथे अनेक गोमंतकीय कुटुंबे स्थिरावली. तेथील वांशिक अल्पसंख्याक परिचारिका, प्रसूतिसेविका आणि केअर वर्कर यांच्यासाठी असलेल्या शिक्षण अनुदानांचा प्रश्न म्हणूनच गोमंतकीयांच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

या अनुदानांची गरज समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे कॅरिबियन बेटांतून तरुणींना पाचारण करण्यात आले. त्या वेळी परिचर्येचे दोन मार्ग होते. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर 'स्टेट रजिस्टर्ड नर्स' होता येई, तर दोन वर्षांनंतर 'स्टेट एनरोल्ड नर्स'. बढती पहिल्या मार्गाने मिळे. परदेशातून आलेल्या अनेकींना मात्र फरक न सांगताच दुसऱ्या मार्गाकडे वळवण्यात आले. त्या अर्हतेला अनेकींच्या मायदेशी मान्यताही नव्हती. अन्याय केवळ वेतनात नव्हता, तो शिक्षणाच्या दारातच झाला होता.

आजचे आकडे त्याचीच आठवण करून देतात. आरोग्य सेवेतील वांशिक समानतेची मोजणी २०१५ पासून दरवर्षी होते. २०२३ च्या अहवालानुसार इंग्लंडमधील एकूण कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीय व अल्पसंख्याकांचे प्रमाण २६.४ टक्के होते, तर अतिवरिष्ठ व्यवस्थापकांत ते केवळ ११.२ टक्के. रुग्णाच्या खाटेशी उभे राहणारे हात अनेक वंशांचे आहेत. निर्णयाच्या टेबलापाशी मात्र तसे दिसत नाही.

ही दरी भरून काढण्याच्या हेतूने १९९४ मध्ये मेरी सीकोल पुरस्कार सुरू झाले. क्रिमियाच्या युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या जमैकाकन्येचे नाव त्यांना दिले आहे. या पुरस्कारांतून नेतृत्वविकासासाठी, तसेच अल्पसंख्याक समाजाच्या आरोग्यविषयक प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्य मिळते. आरसीएन फाउंडेशनसारख्या धर्मादाय संस्थाही शिक्षणासाठी अनुदान देतात.

शासकीय धोरणात मात्र चढउतार झाले. इंग्लंडमध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी परिचर्या शिक्षणाचा विद्यावेतन-निधी २०१७ मध्ये बंद झाला आणि शुल्क कर्जावर गेले. सप्टेंबर २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचे, परतफेड नसलेले साहाय्य सुरू झाले. त्याने निर्वाहाला हातभार लागतो, शुल्काचे कर्ज मात्र राहतेच. घर चालवून पंचविशी-तिशीत शिकू पाहणाऱ्या केअर वर्करला हे कर्ज जड वाटणे स्वाभाविक आहे.

त्याहून बिकट स्थिती व्हिसावर गेलेल्यांची आहे. शासकीय विद्यार्थी कर्ज साधारणतः कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्यांनाच लाभते, आणि वरील साहाय्यही त्याच पात्रतेशी बांधलेले आहे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत हा हक्क मिळण्याची सर्वसाधारण मुदत ५ वरून १० वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. म्हणजे शिकण्याची संधीही तितकीच लांबणार. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्करची भरती थांबली आहे. जे आधीच तेथे आहेत, त्यांना शिक्षित करून वर नेणे हाच मग शहाणपणाचा मार्ग उरतो. अशांना धर्मादाय अनुदान हाच काय तो आधार.

वंशाच्या निकषावर मदत का, गरिबीच्या का नको, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी अनाठायी नाही. गरीब गोऱ्या विद्यार्थिनीचीही अडचण खरीच आहे. परंतु वरच्या पदांवरील तफावत केवळ गरिबीने स्पष्ट होत नाही. नोकरीत असलेली, पगार मिळवणारी व्यक्तीही निवड समितीपुढे मागे पडत असेल, तर उपायही त्याच ठिकाणी हवा.

तरीही केवळ धनादेशाने काम भागणार नाही. अभ्यासासाठी पगारी रजा नसेल, तर अनुदान मंजूर होऊनही वर्गात बसता येत नाही. वेतन घेत पदवी मिळवण्याची 'अप्रेंटिसशिप' योजना चांगली आहे. पण तिथे पाठवायचे कोणाला, हे मालक ठरवतो. आणि पदवी मिळवूनही बढती होत नसेल, तर जुनाच अन्याय नव्या प्रमाणपत्रासह चालू राहील.

गोव्यातून तिकडे जाऊ पाहणाऱ्यांनी पगाराच्या आकड्याइतकीच चौकशी शिक्षणाच्या वाटेचीही करावी. आपल्या अर्हतेला तिथे मान्यता आहे का, नोंदणीच्या परीक्षांचा खर्च कोण सोसणार, शिक्षणासाठी रजा मिळेल का, हे करारावर सही करण्यापूर्वीच लेखी विचारून घेतलेले बरे. १९४८ नंतर गेलेल्या तरुणींना हे प्रश्न विचारण्याची संधीच मिळाली नव्हती.