फियाटचं इंजिन: आधी दुरुस्ती, मग करामती

परवाच्या शनिवारी दुपारी आमच्या फियाटचं इंजिन तब्बल सात महिन्यांनी सुरू झालं. तिसऱ्या सेल्फला! वरच्या मजल्यावरच्या काकू आवाज ऐकून गॅलरीत आल्या. सात महिने ह्या प्रकरणावर चकार शब्द न काढलेले आमचे बाबा खाली आले, दोन मिनिटं कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टॅपेट थोडे वाजतायत." म्हणजे खूश होते.

गाडी १९७५ ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९८३ साली सेकंडहँड घेतली. घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच. आता तुम्ही म्हणाल, इंजिन 'ट्यून' करायच्या गप्पा आणि गाडी कुठली, तर टॅक्सी! थांबा जरा. ह्या इंजिनाचं कूळ बघा.

फियाटने १९३७ साली ५०८सी नावाची गाडी काढली. १०८९ सीसी, बोअर ६८ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी. गाडीचे अभियंते दान्ते जाकोसा. महायुद्ध संपल्यावर तुरीनच्या चिसितालिया कंपनीने हेच साधं घरगुती इंजिन घेतलं, त्याची ताकद वाढवली आणि १९४६ मध्ये डी४६ ही रेसिंग कार बनवली (ती रचनाही जाकोसांचीच). मग आली चिसितालिया २०२. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत चोपन्न वर्षांचा ताझिओ नुवोलारी उघड्या २०२ मधून दुसरा आला. पिनिन फारिनाने घडवलेली २०२ ची बंद बॉडी तर १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनात मांडली गेली. आणि आमच्या गाडीचं इंजिन? १०८९ सीसी, ६८ बाय ७५. घराणं तेच! कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या ह्याच इंजिनाने मुंबईच्या कित्येक पिढ्या वाहिल्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट शर्यतीतही पळायच्या. तेव्हा हसायचं काम नाही :-)

हे सगळं वाचून माझं डोकं फिरलं होतं, हे कबूल करतो. दोन कार्ब्युरेटर, हेड तासून वाढवलेलं कॉम्प्रेशन, वेगळा कॅमशाफ्ट... यादी तयार होती. सुरुवात म्हणून एका गॅरेजमध्ये (नाव सांगत नाही) मोठा कार्ब्युरेटर बसवून घेतला. आठवडाभर गाडी जोरात पळतेय असं वाटलं. मग एका रविवारी आई-बाबांना घेऊन निघालो, तर कात्रजच्या घाटात पाणी उकळलं. रेडिएटरमधून वाफा, आई कठड्यावर बसलेली, बाबा गप्प. परत आल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि नंतर ती मागितलीच नाही. वयाच्या ७७ व्या वर्षीही माणूस रोज सकाळी गाडी पुसायचा. तेही थांबलं.

मी ज्या धंद्यात आहे तिथे एक चूक सगळेच एकदा तरी करतात. प्रोग्रॅम हळू चालतोय म्हटल्यावर तो कुठे अडतोय हे न मोजता वेगवान करायला बसायचं. मीही तेच केलं होतं. मोजलं काहीच नव्हतं.

मग एका जुन्या मिस्त्रींनी मोजायला शिकवलं. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलेंडरला ९५ ते १०० पौंड, तिसऱ्याला ६०. मग प्रत्येक भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजलं. तिघांचा आकडा वाढला, म्हणजे रिंगा आणि बोअर झिजलेले. ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. तिसऱ्याचा जवळपास हललाच नाही, म्हणजे गळती वर, व्हॉल्व्हमधून. हेड उघडल्यावर तिसऱ्याचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला निघाला. ॲल्युमिनियमचं हेड थोडं वाकलेलंही होतं. दहा रुपयांचा बल्ब, चमचाभर ऑइल आणि एक गेज, एवढ्यात जे कळलं ते मला तीन वर्षं कळलं नव्हतं.

"साहेब, म्हाताऱ्या माणसाला दम लागतोय आणि तुम्ही त्याला पळायचे बूट आणलेत," मिस्त्री म्हणाले.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. झिजलेल्या इंजिनावर केलेला बदल हा बदल नसतो, ते झाकण असतं. आधी इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हा होतं तसं करा. हजार किलोमीटर चालवा. मग ठरवा काय कमी पडतंय. निम्म्या लोकांना कळेल की काहीच कमी पडत नव्हतं.

मधला रस्ता म्हणून एकाने सल्ला दिला, "११८ एनईचं इंजिन टाक, कटकट मिटेल." प्रीमियरच्याच ११८ एनईमध्ये निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन असायचं आणि ते पद्मिनीत बसवणारे पुष्कळ होते. गाडी पळते, शंका नाही. पण आमच्या ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आणि आरसी बुकातला नंबर एकच आहे. ते इंजिन भंगारात घालून बाबांना "घ्या तुमची गाडी" म्हणणं मला जमलं नाही.

मग नाना पेठेत हिंडलो, रविवारी जुना बाजार पालथा घातला. बोअर ०.४ मि.मी.ने मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले. (गंमत म्हणजे त्यामुळे इंजिन आपोआप साधारण ११०२ सीसीचं झालं. माझी 'पॉवर वाढवायची' हौस एवढ्यावर भागवली.) क्रँक घासून घेतली, बेअरिंगचे शेल बदलले. हेड जेवढं वाकलं होतं तेवढंच तासलं, कॉम्प्रेशन वाढवायला म्हणून जास्त नाही. खर्चाचा आकडा लिहीत नाही, घरची मंडळीही हे वाचतात.

म्हणजे मी बदलांच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. चार बदल मी आनंदाने केले. पण ते माझ्या हौसेने मागितलेले नव्हते, बदललेल्या जगाने मागितलेले होते. २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं नाही. पूर्वी ते व्हॉल्व्हच्या सीटला झिजेपासून वाचवायचं, म्हणून आता एग्झॉस्टला कडक सीट बसवल्या. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा. त्याच पेट्रोलने मिश्रण पातळ होतं, म्हणून मूळ कार्ब्युरेटर परत लावताना जेट एक नंबर मोठा. आणि सिग्नलला तासन्‌तास उभं राहणाऱ्या पुण्यासाठी रेडिएटरला जास्तीचा विजेचा पंखा. ह्यातलं सीट सोडता सगळं एका सुट्टीत काढून पूर्ववत करता येतं. काढलेले भाग डब्यात, आणि डब्यावर तारीख.

आता थोडं कायद्याबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी ते मला पटतं. पण २०२१ च्या विंटेज गाड्यांच्या नियमांत अट अशी आहे की ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी आणि तिचा मोठा 'ओव्हरहॉल' झालेला नसावा, त्यात चासी, बॉडी आणि इंजिनातले फेरबदल आले. हेतू चांगला आहे, शब्द चुकलाय. कुठल्याही गॅरेजमध्ये विचारा, इंजिन ओव्हरहॉल करणं म्हणजे ते मूळपदावर आणणं! पन्नास वर्षांत एकदाही इंजिन न उघडलेली चालती गाडी मला दाखवा, मी चहा पाजतो. झीज भरून काढणं वेगळं आणि गाडीचा स्वभाव बदलणं वेगळं. नियमाने हा फरक नीट लिहायला हवा, नाहीतर प्रामाणिक माणूस दुरुस्ती लपवायला लागेल.

"मग चिसितालियाने काय केलं? त्यांनी नसतं बदललं तर ती गाडी झाली असती का?" असं एक मित्र म्हणाला. बरोबर आहे. पण त्यांनी हाताशी असलेलं धडधाकट इंजिन घेऊन, काय करतोय हे माहीत असताना बदललं. माझ्यासारखं जळक्या व्हॉल्व्हवर मोठा कार्ब्युरेटर नाही ठोकला.

असो. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर जायचं नाही असं मिस्त्रींनी बजावलंय. काल सकाळी खाली गेलो तर खुंटीवर किल्ली नव्हती. बाबा गाडीत बसलेले होते, काच खाली करून म्हणाले, "टॅपेट बघून घे, मग कात्रजला जाऊ."

ह्या शनिवारी फीलर गेज घेऊन बसणार आहे.