पाचू, हिरवा चुडा आणि आमची आत्या

हिरव्या खड्यांवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मला दागिन्यांची फार हौस आहे अशातला भाग नाही, पण पाचू दिसला की पाय थबकतातच.

पाचू म्हणजे बेरिल हे खनिज. मुळात रंगहीन, पण त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम किंचित मिसळलं की हा हिरवा उतरतो. आत रेघा, धुरकट जाळी बहुतेक असतेच. फ्रेंच लोक तिला कौतुकाने 'बाग' म्हणतात! मोठा, अगदी निर्मळ आणि वर स्वस्त पाचू कुणी दाखवला तर आधी शंका घ्यावी. या रेघांमुळेच तो नाजूकही असतो. हाताने कोंदण करणाऱ्या कारागिराचा जोर जरा जास्त पडला की खडा गेलाच.

आता त्याच्या अर्थांची गंमत बघा. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो, रत्नं कोरणारे कारागीर दमलेल्या डोळ्यांना विसावा म्हणून पाचूकडे बघत. आपल्याकडे तो बुधाचा खडा, म्हणून करंगळीत घालायचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी कोलंबियातल्या खाणी ताब्यात घेतल्या आणि तिथले पाचू पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्याला, तिथून मुघल दरबारात पोचू लागले. त्यातल्या 217.80 कॅरेटच्या एका पाचूवर 1695-96 च्या सुमारास एका बाजूला अरबी प्रार्थना आणि दुसऱ्या बाजूला फुलं कोरली गेली. 2001 साली लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला. म्हणजे एकच दगड, कुणाला औषध, कुणाला ग्रह, कुणाला प्रार्थना. दगड बिचारा काहीच म्हणत नाही. म्हणणारे आपण.

आणि आपण मराठी माणसांनी हिरव्याला काय म्हटलं? सौभाग्य. हिरवा चुडा, हिरवा शालू, ओटीचं हिरवं खणकापड. सुंदरच आहे हे सगळं. पण या सौंदर्याला एक अट चिकटवलेली आहे, नवरा असेपर्यंतच.

माझी आत्या शिक्षिका होती. वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा तिने स्वतःसाठी पाचूची अंगठी घडवून घेतली. सोनाराकडे चार खेपा घातल्या, कोंदण दोनदा बदलून घेतलं. पत्रिका नाही, बुध नाही, नवऱ्याची भेटही नाही. स्वतःची कमाई आणि स्वतःची आवड, बस्स. काका गेले आणि ती अंगठी डबीत गेली. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, हिरवं आता मला कशाला?"

मला राग येतो तो इथे. जी अंगठी काकांमुळे आलीच नव्हती, ती काकांबरोबर का जावी?

कुणी म्हणेल, तिलाच नको असेल तर? बरोबर आहे, बळजबरी नकोच. पण तिला खरंच नकोय की आपण सगळे काय म्हणू याची धास्ती आहे, हे आपण कधी विचारलंय? 'नको' म्हणायलाही आधी कुणीतरी 'घाल ना' म्हणावं लागतं. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यापुढे बंद. त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एक अख्खं गाव ठरवू शकतं, तर आपलं पंचवीस माणसांचं घर का नाही?

असो. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, चुडा भरायला कासार येईल. दर वेळी त्या वेळेला आत्याला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघतं. घरातले जे कुणी हे वाचताय, त्यांना एवढंच सांगणं की या वेळी ते काम दुसऱ्या कुणीतरी करा. आणि आत्याला आधी फोन करून सांगा, येताना अंगठी घालून ये म्हणून. सगळ्यांसमोर विचारू नका, अवघडेल ती. मी माझा फोन आज करतेय.

तुमच्याकडे असं कुणी आहे का? तुम्ही काय केलंत, जरूर लिहा.