बाळाची झोप, घराची जाग

तान्हे मूल रात्री वारंवार उठते, ही पुष्कळ घरांतली तक्रार. वस्तुतः तो निसर्गक्रम आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसरात्रीत १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट चिमुकले, म्हणून भूक वरचेवर लागते; आणि दिवस-रात्रीचा भेद त्याच्या शरीराला उमगू लागण्यास दोन-तीन महिने जावे लागतात.

हे न जाणता मुलाला निजवण्याचे उपाय आपल्या समाजाने फार महागात घेतले आहेत. गिरण्यांत राबणाऱ्या आया कामावर जाण्यापूर्वी तान्ह्यांना अफूची ‘बाळगोळी’ देत. मजूरविषयक रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालातही या प्रथेची दखल आहे. त्या मातांना दूषण देणे सोपे आहे. परंतु मूल सोपवावे असे घरी कोणी नसे, हे विसरता कामा नये. बाळगोळी मागे पडली, तरी घुटीत जायफळाचे वळसे वाढवण्याचा किंवा सर्दीचे गुंगी आणणारे औषध पाजण्याचा मोह उरलाच आहे. प्रोमेथाझिनसारख्या औषधाने दोन वर्षांखालील मुलाचा श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते. निजलेले बाळ भुकेने जागे होते. गुंगीतले होत नाही. शांत मूल म्हणजे सुखरूप मूल, असे समजू नये.

मग करावे काय? बाळाला नेहमी पाठीवर निजवावे. अमेरिकेत १९९४ पासून याचा घरोघर प्रचार झाला आणि झोपेत अकस्मात होणारे अर्भकमृत्यू पुढील काही वर्षांत सुमारे निम्म्याने घटले. अंथरूण सपाट व घट्ट असावे. मोहरीची उशी, जाड दुपटी, मऊ खेळणी जवळ नकोत. खोलीत शेगडी, धुरी वा विडी-सिगारेटचा धूर नको. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात टोपडे-लोकर तर नकोच. गुजराती शेजारातून आपल्याकडे आलेल्या घोडियुंत, झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो. म्हणून कोणाची तरी नजर असेतो झोका द्यावा आणि डोळा लागताच बाळ आईच्या हाताशी, पण वेगळ्या सपाट अंथरुणावर ठेवावे. दिवसा उजेड व बोलणे, रात्री मंद दिवा व तीच अंगाई, एवढा नेम पुरे. अंगाई कोणत्याही भाषेत चालेल; झवेरचंद मेघाणींच्या ‘शिवाजीनुं हालरडुं’त जिजाबाई गुजरातीतच गातात!

बाळ दूध सोडील, तीन महिन्यांच्या आत ताप येईल, श्वास जलद चालेल किंवा ते हलवूनही नीट जागे होणार नाही, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

एक गोष्ट मात्र औषधाच्या दुकानात मिळत नाही. दमलेली आई बाळाला घेऊन सोफ्यावरच पेंगते, तो क्षण धोक्याचा. दूध पाजून झाल्यावर आजोबांनी अगर वडिलांनी तासभर बाळ खांद्यावर घ्यावे व तिला निजू द्यावे. बाळाच्या झोपेसाठी घरातल्या थोरांनी आपली जाग वाटून घ्यावी, याहून निर्धोक उपाय नाही.