मंदिरापासून मशिदीपर्यंत

अहमदाबाद महानगरपालिकेने १९९७ साली जुन्या शहरात एक वारसा-फेरी सुरू केली. सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघालेले पाहुणे वाटाड्यामागून अरुंद गल्ल्या पार करीत सुमारे दोन तासांनी जामा मशिदीपाशी पोहोचतात. २०१७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. असा मान मिळालेले ते भारतातील पहिले शहर होय.

फेरीत जे दाखविले जाते ते निःसंशय पाहण्याजोगे आहे. ‘पोळ’ म्हणजे एकाच दरवाजाआड, भिंतीला भिंत लावून वसलेली घरांची वस्ती. कोरीव लाकडी खांब, चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे टाके, पाखरांना दाणे टाकण्यासाठी उंच उभारलेला चबुतरा. उष्ण प्रदेशात दाटीने, पण शहाणपणाने कसे राहावे, याचा हा धडा आहे. आणि तो अनाम सुतार-गवंड्यांच्या हातांनी घडविला आहे.

तथापि हा दरवाजा जसा रात्री रहिवाशांचे रक्षण करी, तसाच तो जातीधर्माच्या सीमाही राखी. मंदिर ते मशीद हे अंतर पाहुणा दोन तासांत चालून जातो. बिऱ्हाड घेऊन ते ओलांडणे रहिवाशाला आजही दुष्कर आहे. १९६९ व १९८५ च्या दंगलींनी शेजाऱ्यापासून शेजारी तोडला. भयापोटी घरे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत, म्हणून गुजरातेत १९९१ साली ‘अशांत क्षेत्र’ कायदा झाला. जुन्या शहराच्या मोठ्या भागात त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घर विकता येत नाही. संरक्षणासाठी केलेला हा कायदा व्यवहारात हिंदू व मुसलमान वस्त्यांमधील कुंपण ठरला. २००२ च्या हत्याकांडाने ते कुंपण अधिकच उंच केले. दोन्ही धर्मांचे कामगार जेथे एका छपराखाली राबत, त्या कापडगिरण्याही १९८० नंतर एकामागून एक बंद पडल्या, आणि एकत्र येण्याची ती जागाही गेली.

याच शहरातील जमालपुरात १ जुलै १९४६ रोजी वसंतराव हेगिष्टे व रजबअली लाखाणी हे दोन मित्र दंगल शमविण्यासाठी पुढे झाले आणि जमावाच्या हातून प्राणास मुकले. एक अहमदाबादच्या मराठी कुटुंबातला, दुसरा मुसलमान. दोघेही काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते. मंदिर-मशीद फेरीची वाट त्या जमालपुरातून जात नाही.

फेरीला विरोध करण्याचे कारण नाही. ती जमालपुरापर्यंत आणि पूर्वेकडील गिरणी कामगारांच्या चाळींपर्यंत न्यावी, एवढीच मागणी रास्त आहे. लाकडावरील नक्षी जपणे सोपे आहे. सामायिक जीवन जपणे कठीण आहे, आणि खरा वारसा तोच आहे. त्या वाटेवरील घर घेऊ पाहणाऱ्या कष्टकऱ्याला जोवर प्रथम त्याचा धर्म विचारला जातो, तोवर मंदिर ते मशीद ही वाट केवळ पाहुण्यांचीच राहील.