गोळ्या वाटून झाल्या, सुजलेल्या पायांचं काय?

आमच्या पूर्व विदर्भात हत्तीपायाचा माणूस दिसला तर कोणी वळूनही पाहत नाही, इतकी सवय झालीय. मोहिमेत घरोघरी जाऊन समोर गोळ्या खायला लावतात, त्याच्या बातम्या मीही छापल्यात. काम चांगलंच आहे. पण त्या गोळ्या रोगाचा फैलाव रोखतात. दहा वर्षांपासून सुजलेला पाय त्यांनी उतरत नाही.

माझ्या मावशीचा हात स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर असाच सुजला. काखेतल्या गाठी काढल्या की लसिकेचा निचरा अडू शकतो. हाच लिम्फेडेमा. गावातल्या फिजिओथेरपिस्टनं गरम शेक दिला, सूज वाढली. नंतर कळलं, अशा सुजेवर शेक टाळायचा असतो. पोरगा वाईट नाही हो, त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

उपचार आहे. हलक्या हातानं ठरावीक दिशेनं निचरा, मग थराथरानं बँडेज (नेहमीची क्रेप पट्टी नव्हे), व्यायाम, कातडीची निगा. अमेरिकेत यातल्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायलाच 135 तासांचं प्रशिक्षण लागतं. लांब कशाला, केरळात कासरगोडला एक संस्था हत्तीपायावर आयुर्वेद, योग आणि बँडेज यांची सांगड घालून उपचार करते.

मग आपल्या जिल्हा रुग्णालयातला एक फिजिओथेरपिस्ट आणि दोन सिस्टर शिकायला पाठवायला काय हरकत आहे? आणि बँडेजही तिथंच मिळू द्या, ते धुऊन पुन्हा वापरता येतं.

पुढच्या गोळ्यांच्या मोहिमेच्या उद्घाटनाला साहेबांचा फोटो काढायला मी जाणारच आहे. तेव्हा विचारतो.